साडूभाऊंचे खून

सोलापूर शहरात आजवर सगळ्यात जास्त खून कुणी केले असतील, तर ते माझ्या साडूभाऊंनी. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही, घरातलं सांगतो. त्यांनी माणसं विष घालून मारली, उशी दाबून मारली, वरवंट्यानं मारली. एका सावकाराला तर त्यांनी शेंगांच्या पोत्याखाली चिरडून मारलं. आणि हे सगळं भर मांडवात, दिव्यांच्या झगमगाटात, शेकडो माणसांच्या देखत. फौजदारसाहेब पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसायचे आणि शेवटी उठून साडूभाऊंच्या गळ्यात हार घालायचे. एवढे मुडदे पाडणारा हा माणूस घरात झुरळ दिसलं की कॉटवर उभा राहून बायकोला हाक मारायचा, "अगं, ह्याला जरा बाहेर नेऊन सोड." सोड म्हणायचे. मार हा शब्द त्यांच्या तोंडातून घरात कधी निघाला नाही.

मी सांगतोय ती सत्तर सालानंतरची वर्षं. गणपतीत आमच्या पेठेच्या मंडळाचं नाटक ठरलेलं आणि ते साडूभाऊंनीच लिहून बसवलेलं असायचं. दुसऱ्या पेठांत देवादिकांची नाटकं होत, नाहीतर सासू-सुनांची रडगाणी होत. आमच्या मांडवात पडदा उघडला की पहिल्या अंकात एक प्रेत पडणार आणि तिसऱ्या अंकापर्यंत माणसं हसून हसून खुर्च्या मोडणार, हे ठरलेलं. खून आणि विनोद एका ताटात कसे वाढता, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "त्यात काय की," ते म्हणाले, "नुसता खून माणसाला पचत न्हाय. तुम्ही शेंगाचटणीवर दही घेता का न्हाय? मग. खून म्हणजे चटणी, हसू म्हणजे दही. कडक भाकरी पब्लिकनं आपली आपण आणायची." कडक भाकरी म्हणजे काय, हे मला समजलं नाही. "बुद्धी, साडू. हितल्या उन्हात ती आपोआप कडक होते." मी हायस्कुलात गणित शिकवत असल्यामुळे हे वाक्य मला उद्देशून होतं की काय, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

पोटासाठी ते जकात नाक्यावर कारकून होते. शहरात माल शिरायचा तर त्यावर जकात भरायची आणि ती भरून घेणारे आमचे साडूभाऊ. पोत्यात काय आहे ते पोतं न उघडता सांगायचे, कारण ते पोत्याकडे बघतच नसत, माणसाच्या तोंडाकडे बघत. "गूळ लपवणारा गोड बोलतो, तूप लपवणारा सारखे हात पुसतो," असा त्यांचा सिद्धांत होता. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून मी नाक्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो होतो. मंद्रूपकडून एस.टी. आली. साडूभाऊ आत चढले, त्यांच्यामागे मी. पुढच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर बोचकं घट्ट धरून बसली होती आणि सगळ्या गाडीला तुपाचा वास येत होता. "आजी, बोचक्यात काय?" साडूभाऊंनी विचारलं. "काय न्हाय लेकरा. लेक बाळंत झालीया, तिची जुनी लुगडी हायती." साडूभाऊ तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. म्हातारीनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. मग साडूभाऊ खाली उतरले, गाडीच्या पत्र्यावर थाप मारली आणि ओरडले, "सोडा गाडी." मी म्हटलं, "अहो, तूप होतं की ते." "होतं की," ते म्हणाले, "चांगलं रवाळ होतं. पण लेकीसाठी किती जिवापाड खोटं बोलली बघितलंत न्हवं? त्यावर जकात कुठली लावता." आणि ते पुढच्या ट्रककडे वळले.

दिवसभर दुसऱ्यांनी लपवलेलं शोधायचं आणि घरी आल्यावर स्वतः लपवायचं, असा त्यांचा क्रम होता. साधी गोष्टही ते सरळ सांगत नसत. जेवायला काय आहे असं विचारलं की आधी दाराकडे बघायचे, मग उठून खिडकी लावायचे, मग माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "वांगं." चारचौघांत बसले तरी त्यांचं डोकं खुनातच. एका लग्नात मी त्यांना आचाऱ्यापाशी उभं राहून झाऱ्याचं वजन विचारताना पाहिलं आहे. "समजा, हा कुणाच्या डोक्यात बसला, तर माणूस जागीच जाईल का थोडं बोलून जाईल?" आचारी इतका घाबरला की पंगतीत त्यांच्या पानात न मागता जिलब्या पडत राहिल्या. त्याच लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, त्यांनी शेजारच्या गृहस्थाला हळूच सांगितलं, "आता सगळे नवरा-नवरीकडं बघणार. ह्या घटकेला कुणी वरबापाला उडवला तर कुत्र्याला कळायचं न्हाय." शेजारचे गृहस्थ हेच वरबाप होते. ते उरलेली मंगलाष्टकं भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मला ते दर वर्षी नाटकात घेत, पण प्रेत म्हणून. माझी हौस मोठी होती, निदान एखादा संशयित तरी करा म्हणून मी मागे लागत असे. "तुमच्या तोंडावर सगळं दिसतं साडू," ते म्हणायचे. "तुम्हाला खुनी केलं तर पडदा उघडल्याबरोबर पब्लिकला कळेल. न्हाय केलं, तरी तुम्ही न्हाय हे कळेल. तुम्ही मेलेलेच बरे." म्हणून पहिल्या अंकात पाच-सात वाक्यं बोलून मी मरायचो आणि उरलेलं नाटक चादरीखाली काढायचो. ही चादर मलकप्पा देत. चादरीच्या दुकानाचे मालक मलकप्पा हे आमचे कायमचे इन्स्पेक्टर. खुनी व्हायला त्यांची साफ ना होती. "गिऱ्हाईक काय म्हणंल? सकाळी माझ्याकडं चादर घ्यायची आन् रात्री मी गळा दाबायचा?" चादर ते फुकट द्यायचे, पण त्याची भरपाई तपास करता करता करून घ्यायचे. प्रेताजवळ बसून चादरीचं टोक दोन बोटांत धरायचे आणि भिंग लावून म्हणायचे, "हिच्यावर रक्ताचा डाग दिसत न्हाय. का दिसत न्हाय? कारण रंग पक्का हाय, आन् दुकान आपलं हाय." मांडव टाळ्यांनी दणाणायचा. सोलापुरी चादर थंडीत फार मायेची वाटते, पण भाद्रपदातल्या उकाड्यात तिच्याखाली मेलेलं राहणं सोपं नव्हे. त्यात मलकप्पांचं वाक्य आलं की मला हसू फुटायचं आणि चादर हलायची. मग विंगेतून साडूभाऊंचा दबका आवाज यायचा, "मेलात तुम्ही. भान ठेवा."

एका वर्षी त्यांनी मला गोळीनं मारायचं ठरवलं. कथा अशी, की घरात बारा माणसं असताना गोळीचा आवाज कुणालाच येत नाही, कारण त्याच क्षणी गिरणीचा भोंगा होतो. आता सोलापुरात भोंग्याला काय तोटा? साडूभाऊ म्हणाले, खरा भोंगा असताना खोटा कशाला वाजवायचा, पाळी सुटायच्या भोंग्यालाच खून बसवू. त्यांनी घड्याळ लावून तालमी घेतल्या आणि मला बजावलं, "भोंगा झाला की पडा. कुणाची वाट बघू नका." नाटकाच्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण लांबलं आणि पडदा उशिरा उघडला. मी नोकराला पूजेची फुलं शिळी आणली म्हणून रागावत होतो, खून अजून बराच लांब होता, आणि तेवढ्यात भोंगा झाला. शब्द म्हणजे शब्द. मी पडलो. नोकर फुलांचं ताट घेऊन माझ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, एवढी काय शिळी न्हाईत हो." प्रेत दिसल्यावर थांबणं बरं नव्हे म्हणून मलकप्पा चादर घेऊन लगेच आले आणि तपास सुरू झाला. तपास रंगात आलेला असताना, मूळ ठरल्याप्रमाणे, मागच्या पडद्यातून एक हात आला, त्यानं माझ्या रिकाम्या खुर्चीवर गोळी झाडली आणि हात परत गेला. मलकप्पा खुर्चीकडे वळून म्हणाले, "हिचा आन् ह्याचा खुनी एकच दिसतोय." त्यानंतर पुष्कळ वेळ कुणालाच पुढचं वाक्य बोलता आलं नाही.

पण एवढ्या सावळ्या गोंधळातसुद्धा अक्कांनी खुनी ओळखला, आणि साडूभाऊंच्या आयुष्यातलं खरं दुःख ते हेच. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. माहेर अक्कलकोटचं, माहेरची भाषा कानडी. दारात कुणीही आलं, मग तो पोस्टमन असो की भंगार विकत घेणारा, कोण-कुठला हे विचारायच्या आधी त्या म्हणत, "कुंड्री." म्हणजे बसा. कामाचं नंतर. अशा या अक्का नाटकाला पहिल्या रांगेत भाजलेल्या शेंगा घेऊन बसत आणि पहिला अंक संपला की माझ्या बायकोच्या कानात एक नाव सांगत. माझी बायको ते शेजारणीला सांगे. दुसरा अंक सुरू होईपर्यंत ते नाव मांडवाबाहेर फुटाणे विकणाऱ्यापर्यंत पोहोचलेलं असायचं, आणि ते कधी म्हणजे कधीच चुकलं नाही. लोकांचं त्यावाचून काही अडत नसे. खुनी ठाऊक असला की तो साळसूदपणे चहा पितो ते बघायला उलट जास्त मजा येते. पण साडूभाऊंचा जीव त्यातच होता. तिसऱ्या अंकात खुनी उघडा पडावा, सगळा मांडव चकित होऊन गप्प व्हावा, आणि निदान एकदा तरी अक्कांनी हरावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. नाटकानंतर जेवताना अक्का आमटी वाढता वाढता म्हणायच्या, "यंदा त्या कंपाउंडरला खुनी केलाव व्हय." की साडूभाऊंचा घास हातातच राहायचा. "एकदा तुझ्या तोंडून 'हरले' ऐकू दे," ते म्हणायचे, "त्या दिवशी पेन खाली ठेवतो. मग एक ओळ लिहिणार न्हाय." अक्का म्हणायच्या, "म्हणूनच हरत न्हाय मी," आणि आणखी भात वाढायच्या.

ही बाई तालमी ऐकून ओळखते, अशी साडूभाऊंची खात्री होती. म्हणून त्यांनी घरच्या तालमी बंद करून त्या माझ्या शाळेच्या वर्गात नेल्या. तरी तिनं ओळखलं. मग त्यांनी तिसरा अंक कागदावर उतरवणंच बंद केलं. प्रत्येक नटाला ते एकेकटा मैदानात न्यायचे आणि कानात त्याच्या कबुलीचं भाषण सांगायचे. सगळ्यांचीच भाषणं पाठ, आणि प्रत्येकाला वाटायचं खुनी आपण. खरा कोण ते तिसऱ्या अंकाच्या आधी कळायचं: साडूभाऊ विंगेत येऊन ज्याच्या हातात विडा देतील, तो खुनी. योजना बिनतोड होती. पण ज्या वर्षी ती प्रथम अमलात आली, त्या वर्षी त्यांनी विडा दिला आमच्या शाळेच्या ड्रॉइंगमास्तरांना, आणि मास्तरांच्या शेजारी उभे होते नाटकात काकांचं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ. आता एकाला विडा द्यायचा आणि शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला रिकाम्या हातानं उभं ठेवायचं, हे आपल्याकडे बसतं का? साडूभाऊंनी त्यांनाही दिला. तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर म्हणाले, "खुनी ह्याच खोलीत हाय," आणि दोघंही हुंदका देऊन उभे राहिले. मास्तर म्हणत मी मारलं, काका म्हणत तू काय मारतोस, मी मारलं. दोघांनाही आपलं भाषण सोडवेना. मलकप्पांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "दोघांनी मिळून मारलं आसंल तर भांडताय कशाला?" आणि एकाच टॉवेलनं दोघांचे हात बांधले. पहिल्या रांगेत अक्का माझ्या बायकोला सांगत होत्या, "खरा मास्तरच हाय. काका पानाला भुलले."

या पराभवांनंतर साडूभाऊ आठ-दहा दिवस उदास असायचे आणि मग हटकून त्यांना स्वतःचं लग्न आठवायचं. ती हकीकत मी दर वर्षी ऐकली आहे. मुलगी बघायला ते अक्कलकोटला गेले ते नाक्यावरून थेट, अंगावर खाकी कपडे, हातात मामांची पिशवी. मामा मात्र जरीची टोपी घालून पुढं. माझ्या सासऱ्यांनी मामांना गादीवर बसवलं आणि यांना मामांचा शिपाई समजून दारातच ठेवलं. पोहे आले, चहा आला, गप्पा रंगल्या. यांना कुणी बस म्हणेना. "उभ्या उभ्या मला वाटलं, साडू, की हितल्या एखाद्याचा जीव घ्यावा," असं सांगताना ते अजून गंभीर व्हायचे. मग आतून मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि आधी दारातल्या माणसाला म्हणाली, "कुंड्री." यांना कानडीचा गंध नव्हता. "अर्थ कळला न्हाय," ते म्हणायचे, "पण बसलो. ते आजपर्यंत उठलो न्हाय." आणि मग खिडकी लावून हळूच विचारायचे, "पण ही ओळखते कशी हो?"

पुढं एका वर्षी पावसाळ्यातच अक्कांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी हृदय कमजोर झालंय म्हणून सांगितलं, जिने चढू नका, ओझं उचलू नका, असं बरंच काही. साडूभाऊंनी मंडळात कळवून टाकलं की यंदा नाटक नाही. ते अक्कांना समजलं तेव्हा त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "नाटक न्हाय तर गणपती तरी कशाला आणताव?" मग साडूभाऊ लिहायला बसले. सेवानिवृत्तीही जवळ आली होती. मला म्हणाले, "साडू, हे शेवटचं. आता न्हाय जमलं तर कधीच न्हाय." त्यांच्या आवाजात तेव्हा रहस्य वगैरे काही नव्हतं. यंदा अक्कांजवळ कुणीतरी हवं म्हणून त्यांनी प्रेत दुसऱ्याला दिलं आणि मला पहिल्या रांगेत बसवलं. एका बाजूला माझी बायको, एका बाजूला मी, मधे शाल पांघरलेल्या अक्का.

नाटक एका श्रीमंत घरातल्या लग्नाचं होतं. दिवाणखान्यात कोच, खुर्च्या, लोड. येणारा प्रत्येक जण टेकत होता, चहा पीत होता, आणि प्रत्येकाचं काही ना काही त्या घरमालकाशी वैर निघत होतं. आमचे ड्रॉइंगमास्तर शिंप्याच्या कामात होते. गळ्यात टेप टाकून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत मापं घेत हिंडत होते. वधूपित्याच्या पोटाला टेप पुरेना तेव्हा मांडव हसला. घरमालक मेल्यावर त्यांनी चादर बाजूला करून प्रेताचंही माप घेतलं आणि "कपडा थोडा सैलच ठेवतो, आता वाढत्या अंगाचं न्हाय," असं म्हटलं तेव्हा तर मलकप्पासुद्धा तपास विसरून हसले. सगळे हसत होते. अक्का हसत नव्हत्या. त्यांच्या हातातली शेंग तशीच होती आणि त्या एकटक त्या शिंप्याकडे बघत होत्या. मग अगदी स्वतःशी, ओठातल्या ओठात त्या म्हणाल्या, "कुंड्रप्पा." बस रे बाबा. ते फक्त मला ऐकू आलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सगळा अंकभर त्या खोलीत तो एकटा उभा होता.

अंक संपल्यावर साडूभाऊ स्वतः खाली आले आणि अक्कांच्या समोर उकिडवे बसले. एवढे खून पचवलेला माणूस, पण चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा. "सांग," ते म्हणाले. अक्कांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. "इन्स्पेक्टर," त्या म्हणाल्या. साडूभाऊ उठले आणि लगबगीनं पडद्यामागे गेले. बातमी नेहमीप्रमाणे फुटाणेवाल्यापर्यंत गेली, तिथून पडद्यामागे मलकप्पांपर्यंत गेली, आणि दुकानाचं नाव बुडालं म्हणून ते तिसरा अंक करायला तयार होईनात. त्यांना कसंबसं समजावून पडदा उघडला. शेवटी शिंप्यानं गळ्यातली टेप काढून इन्स्पेक्टरच्या पुढ्यात ठेवली आणि कबुली द्यायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या मांडवात कधी नव्हती अशी शांतता झाली. लोकांना खरोखरच ठाऊक नव्हतं. मग ज्या टाळ्या पडल्या त्या मी विसरणार नाही. साडूभाऊ रंगमंचावर आले. फौजदार हार घेऊन उभे होते, पण हे बघत होते फक्त पहिल्या रांगेकडे. अक्कांनी कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हरले बाई." दुसऱ्या दिवशी नाक्यावर साडूभाऊंनी प्रत्येक गाडीला पेढा दिला आणि आत काय माल आहे हे एकालाही विचारलं नाही.

गणपती बोळवल्यावर मी एका दुपारी अक्कांकडे गेलो. साडूभाऊ नाक्यावर होते. अक्का घेवडा निवडत बसल्या होत्या. माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला शिंपी कळला होता." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "तुमच्या तोंडावर सगळं दिसतंय मास्तर, ते म्हणत्यात त्यात काय खोटं न्हाय." मग शेंगेची शीर काढत काढत त्यांनी सांगितलं, "त्यांच्या नाटकात ज्याला कुणी बस म्हणत न्हाय, तोच खुनी. पैल्या नाटकापास्नं तसंच हाय. त्यांचं त्यांनाबी ठावं न्हाय ते." मी विचारलं, हे तुम्ही कधी बोलला कशा नाहीत? "बोलले असते तर सगळ्यांनाच बसवलं असतं त्यांनी. मग नाटकात राहिलं काय?" मला आणखी एक विचारायचं होतं. यंदाच का हरलात, असं मी विचारलं. "पुढच्या गणपतीला मी असन का नसन," त्या म्हणाल्या. "मग हरायचं कुणी? आन् जिंकल्याबिगर ते पेन खाली ठिवायचे न्हाईत. जन्मभर मनाला लावून घेतील. त्यांना सांगू नका." मला काय वाटलं तेही तोंडावर दिसलं असावं, कारण त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि चहा टाकायला उठल्या.

त्या गेल्या त्याच थंडीत, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहत होते त्या दिवसांत. साडूभाऊंनी बोलल्याप्रमाणे पेन खाली ठेवलं. पुढच्या गणपतीत मंडळानं देवादिकांचं नाटक केलं. मलकप्पा त्यात राजा झाले आणि सिंहासनावर आपलीच चादर घातली. साडूभाऊ बघायला आले होते, पण पहिल्या अंकानंतर उठून गेले. यथावकाश नाकाही सुटला. मी अधूनमधून त्यांच्याकडे जातो. जेवायला काय केलंय असं विचारलं तर आता ते सरळ सांगतात, "वांगं." खिडकी उघडीच असते. ते ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

परवा संध्याकाळी गेलो तेव्हा ते खुर्चीवर नुसते बसून होते. समोरच्या दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता. मी दारातच चपला काढत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "साडू, तुम्ही तिच्या शेजारी होता न्हवं त्या दिवशी? खरं सांगा. तिला शिंपी कळला होता का हो?"

"छे, छे," मी म्हटलं. "अजिबात नाही. इन्स्पेक्टरच म्हणत होत्या शेवटपर्यंत. मी ऐकलं ना माझ्या कानांनी."

साडूभाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. नाक्यावर बघायचे तसे, बराच वेळ. मी रुमाल काढून हात पुसले. माझ्या लक्षात आलं की मी अजून दारातच उभा आहे आणि त्यांनी मला बस म्हटलेलं नाही. मी हात पुन्हा पुसले.

मग त्यांनी खुर्चीच्या हातावर हलकेच थाप मारली. "सोडा गाडी," ते म्हणाले. त्यांनी उठून समोरच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, जागा मोकळी केली, आणि इतक्या वर्षांत जो शब्द लग्नाच्या हकीकतीबाहेर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता तो म्हणाले, "कुंड्री."